शिक्षक केंद्रावर येत नाहीत: हजेरीचं यंत्र लावून फरक पडतो का?

केंद्र_समन्वयक:
आमची संस्था पाड्यांवर एकशिक्षकी केंद्रं चालवते. मानधन ठोक. पर्यवेक्षक महिन्यातून एकदा जातो आणि तो येणार हे आधीच कळलेलं असतं. हजेरीपट पूर्ण भरलेला, मुलं मात्र रानात. अंगठ्याचं यंत्र घ्यावं का?

लेखा_विभाग:
आधी मानधनाची रचना बदला. उदयपूरच्या सेवा मंदिर संस्थेने २००३ पासून असल्याच केंद्रांवर साधे कॅमेरे दिले होते. शाळा भरताना आणि सुटताना एका मुलाने शिक्षकाचा बाकी मुलांसोबत फोटो काढायचा. दोन्हींत किमान पाच तासांचं अंतर आणि फोटोत किमान आठ मुलं, तरच दिवस धरायचा. तारीख-वेळेची बटणं जाड चिकटपट्टीने बंद केलेली. महिन्यात दहा दिवसांपर्यंत ५०० रुपये मानधन, पुढे दर दिवसाला ५०. इतर केंद्रांवर १००० ठोक आणि ‘गैरहजर राहिलात तर काढू’ एवढी ताकीद. तिथे गैरहजेरी ४२ टक्के, कॅमेऱ्याच्या केंद्रांवर २१.
मोबाइलवर हेच करायचं तर फोनचं घड्याळ धरू नका, ते हाताने बदलता येतं.

तालुका_आरोग्य:
वरच्या प्रयोगाची दुसरी बाजूही बघा. त्याच जिल्ह्यात त्याच संस्थेने आरोग्य उपकेंद्रांतल्या नर्सबाईंसाठी वेळेचा शिक्का मारणारी यंत्रं बसवली. पगारकपात मात्र सरकारी आरोग्य खात्याच्या हातात. सुरुवातीला हजेरी चांगली वाढली. मग खात्याकडून ‘सूट दिलेले दिवस’ (गैरहजेरी माफ, कपात नाही) वाढत गेले, यंत्र बिघडल्याच्या नोंदीही वाढल्या, आणि सोळा महिन्यांनी काहीच फरक उरला नाही. खरी गळती इथे होते! त्यामुळे सूट कोण देणार आणि महिन्याला जास्तीत जास्त किती, हे आधीच लिहून ठेवा. बैठक असेल तर आदल्या दिवशी लेखी. यंत्र बिघडलं तर त्याच दिवशी कळवायचं. महिनाअखेरीला सांगितलेला बिघाड धरू नका.

आस्थापना_लिपिक:
सरकारी कर्मचारी असेल तर नुसत्या यंत्राच्या नोंदीवर बडतर्फी टिकत नाही. कृष्णकांत परमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं की गैरहजेरी जाणूनबुजून होती, हे चौकशीत सिद्ध व्हायला हवं. म्हणून हजेरीपटावर त्या त्या दिवशीच शेरा मारा, रजेच्या अर्जावर मंजूर-नामंजूर लेखी कळवा, रुजू होण्याची नोटीस घरच्या पत्त्यावर पाठवून पोच नस्तीत लावा. अर्ज टेबलावर तसाच पडून राहिला की कर्मचाऱ्याचा बचाव आपणच तयार करून देतो. आणि हालचाल नोंदवही (कामासाठी बाहेर कोण कुठे गेलं याची वही) रोज संध्याकाळी बंद करून सही करा. ‘दौऱ्यावर’ हा शब्द मागाहून लिहायला तिथेच जागा मिळते.