मॉडबसच्या दोन रजिस्टरांतून फ्लोट कसा काढायचा?

प्रश्न: मंडळी, एका एनर्जी मीटरचं व्होल्टेज सी प्रोग्रॅममधून वाचतोय. डिस्प्लेवर २३०.५ दिसतंय. मॉडबसवरून (मीटरसारख्या उपकरणांशी बोलायचा प्रोटोकॉल) १६-१६ बिटांची दोन रजिस्टर येतात, १७२५४ आणि ३२७६८. पहिलं १६ बिट डावीकडे सरकवलं, दुसरं त्यात ऑर केलं, मग फ्लोटमध्ये (दशांश संख्येच्या प्रकारात) कास्ट केलं. उत्तर येतं ११३०७९०९१२.०! मॅन्युअलमध्ये नुसतं 'आयईईई ७५४' लिहिलंय. याला कशाने भागायचं?

उत्तर: भागू नका हो, आकडे बरोबरच आहेत. हेक्समध्ये बघा: ४३६६ आणि ८०००. आयईईई ७५४ या फ्लोट साठवायच्या मानकाप्रमाणे ४३६६८००० हाच २३०.५ चा ३२ बिटांचा साचा. कास्टने तो साचा तसाच राहत नाही. सी त्याला पूर्णांक समजतं आणि त्या किमतीचा फ्लोट बनवून देतं. तुम्हाला बिट न हलवता फक्त प्रकार बदलायचाय. तेव्हा ३२ बिटांच्या अनसाइन्ड व्हेरिएबलमध्ये जोडा आणि मेमकॉपीने चार बाइट फ्लोटमध्ये टाका. पॉइंटर कास्ट करून वाचायचा मोह होईल, पण तो स्ट्रिक्ट एलियासिंगचा नियम (एका प्रकारची मेमरी दुसऱ्याच प्रकारच्या पॉइंटरने वाचू नये) मोडतो, ऑप्टिमायझेशन चालू केलं की कधी गंडेल सांगता येत नाही. मेमकॉपीला घाबरू नका, कंपायलर ती बहुतेक वेळा उडवूनच टाकतो. पायथॉनमध्ये हेच काम स्ट्रक्टचं पॅक-अनपॅक करतं, जावामध्ये इंटबिट्सटूफ्लोट.

प्रश्नकर्ता: जमलं, आभार! पण दुसऱ्या कंपनीच्या मीटरवर तोच कोड '-०.००००००' छापतोय. व्होल्टेज तेवढंच आहे.

उत्तर: त्या उणे चिन्हातच उत्तर आहे. हा मीटर खालचा शब्द (म्हणजे खालचे १६ बिट) आधी पाठवतोय, म्हणून ८००० वर गेलं आणि त्याचा सर्वात वरचा बिट साइन बिट (अधिक-उणे ठरवणारा) झाला. '%ई' ने छापलंत तर उणे २.४ गुणिले १० चा उणे ४१ वा घात असं काहीतरी दिसेल. दोन रजिस्टरांची अदलाबदल करा. एका रजिस्टरातले बाइट मॉडबसमध्ये वरचा आधी, खालचा नंतर असेच ठरलेत. दोन रजिस्टरांचा क्रम मात्र ज्याचा त्याचा. त्यामुळे कोडमध्ये मीटरगणिक सेटिंग ठेवा.

आणखी एक: दोन्ही रजिस्टर एकाच रिक्वेस्टमध्ये वाचताय ना? वेगवेगळी वाचलीत आणि मध्येच किंमत २५५.९९ वरून २५६ झाली, तर जुना वरचा आणि नवा खालचा शब्द जुळून २५५.० मिळेल. असला आकडा खरा वाटतो, म्हणून कोणी शोधायलाही जात नाही.