स्वस्त डॅकचा आवाज सुधारायचाय: आधी ऑप-अँप बदलू की पॉवर सप्लायला हात घालू?

खरखर_नको

ऑप्टिकल आणि कोॲक्सिअल अशी दोन इनपुट असलेला साधा डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल बनवणारा डबा) आहे. आत रिसीव्हर सीएस ८४१६, डॅक चिप सीएस ४३४४ आणि पुढे सॉकेटमध्ये बसवलेला एनई ५५३२ हा ऑप-अँप (सिग्नल वाढवून बाहेर देणारी चिप). १२ व्होल्टचा स्विचिंग ॲडॉप्टर, त्यावरून ५ व्होल्टचा रेग्युलेटर ७८०५ आणि त्याच्यापुढे ३.३ व्होल्टसाठी एएमएस १११७.

गाणं थांबवून ॲम्पचा आवाज निम्म्याच्या वर नेला की मागे भणभण ऐकू येते आणि तिच्यावर एक बारीक शीळ. गाणं चालू असताना खालचे स्वर गढूळ वाटतात. एनई ५५३२ काढून एलएम ४५६२ घालायचा आणि सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून पॉलिमर लावायचे असा बेत आहे. डाग द्यायला येतं, मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही. कुठल्या क्रमाने करू?

कथील६३

क्रम उलटा करा. ऑप-अँप सगळ्यात शेवटी, कारण इथे त्याच्याकडून मिळण्यासारखं जवळपास काहीच नाही. आकडेच बघा. सीएस ४३४४ ला ५ व्होल्ट दिले की पूर्ण पातळीला साधारण १.१५ व्होल्ट आरएमएस मिळतात आणि तिची डायनॅमिक रेंज (पूर्ण पातळी आणि नॉइज यांच्यातलं अंतर) १०५ डेसिबल आहे. म्हणजे चिपचा स्वतःचा नॉइज साडेसहा मायक्रोव्होल्टच्या आसपास. एनई ५५३२ चा नॉइज ५ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, म्हणजे २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ०.७ मायक्रोव्होल्ट. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं तर एकूण नॉइज ०.१ डेसिबलनेही वाढत नाही. डिस्टॉर्शनचंही तसंच: चिप स्वतः −९० डेसिबलवर थांबते, ५५३२ तिच्या कितीतरी पुढे आहे.

भणभण आणि शीळ हे दोन वेगळे आजार दिसतात. डाग देण्याआधी दोन चाचण्या करा, त्यांना काही लागत नाही.

पहिली: कोॲक्सिअल केबल पूर्ण उपसून फक्त ऑप्टिकल लावा. भणभण गेली तर तो ग्राउंड लूप. ज्या यंत्रातून गाणं येतं त्याचं ग्राउंड आणि ॲम्पचं ग्राउंड केबलच्या बाहेरच्या जाळीतून जोडलं जातं, जाळीतून करंट वाहतो आणि आरसीए वायरच्या जाळीवर पडणारा तो छोटासा व्होल्टेज थेट सिग्नलमध्ये मिसळतो. डॅकमधला कुठलाही पार्ट बदलून हे थांबत नाही. ऑप्टिकलवरच राहा, नाहीतर कोॲक्सिअलच्या वाटेत १:१ पल्स ट्रान्सफॉर्मर घाला.

दुसरी: ॲडॉप्टर काढून १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर डॅक चालवा. धन तारेत १ अँपिअरचा फ्यूज हवाच, कारण शॉर्ट झाल्यावर ही बॅटरी ट्रॅक जाळते. शीळ गेली तर दोष ॲडॉप्टरचा.

शिवाय ५५३२ च्या ८ आणि ४ नंबरच्या पायांमध्ये किती व्होल्ट आहेत ते मोजून इथे टाका. काही बोर्डांवर हा ऑप-अँप ५ व्होल्टवर चालवलेला असतो. तेवढ्यात तो मोठा सिग्नल पुरता झुलवू शकत नाही, टोकं कापली जातात. तसं असेल तर पुढचा सगळा सल्ला बदलेल.

खरखर_नको

मोजलं. ८ आणि ४ मध्ये ११.९ व्होल्ट. ५५३२ च्या इनपुटवर ५.९. सीएस ४३४४ च्या ९ नंबरच्या पायावर ५.०२. ऑप्टिकलवर भणभण पूर्ण गेली, शीळ राहिली. बॅटरीवर शीळही गेली. बॅटरी कायम ठेवायची नाही, ॲडॉप्टरवरच हे कसं साधायचं?

एक कबूल करतो: एलएम ४५६२ हाताशी होता म्हणून घालून पाहिला. डावी बाजू फाटल्यासारखी वाजते आणि आयसीवर बोट ठेववत नाही. आयसी खराब आहे का?

कथील६३

४५६२ आत्ता काढा आणि ५५३२ परत बसवा, त्याचं नंतर बघू. ५.९ व्होल्टवरून शिळेची वाट कळली. ऑप-अँप एकेरी १२ व्होल्टवर आहे, म्हणून दोन रेझिस्टर लावून त्याला निम्मा व्होल्टेज दिलेला आहे. ॲडॉप्टरचा कचरा निम्मा होऊन त्या जोडातून थेट ऑप-अँपच्या धन इनपुटमध्ये शिरतो. तिथे गाळणी म्हणून एकच कपॅसिटर असतो. बोर्डावर तो शोधा: दोन सारख्या रेझिस्टरच्या मधल्या बिंदूपासून ग्राउंडला जाणारा, बहुतेक १० मायक्रोफॅरडचा. रेझिस्टर १०-१० किलोओहमचे असतील तर गाळणीची सीमा (जिच्या वरचं गाळलं जातं ती फ्रीक्वेन्सी) ३.२ हर्ट्झ. तिथे २२० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट लावा: सीमा ०.१४ हर्ट्झवर येते, गाळणी २७ डेसिबलने सुधारते. बदल्यात डॅक चालू केल्यावर बिंदू स्थिर व्हायला पाच-सहा सेकंद लागतील. तोवर ॲम्प बंद ठेवा.

मग १२ व्होल्टची लाइन. ऑप-अँपकडे जाणारा ट्रॅक कापून मध्ये २२ ओहम घाला आणि ऑप-अँपच्या बाजूला ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. ५५३२ साधारण ८ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे ०.२ व्होल्टही पडत नाहीत, आणि १५ हर्ट्झच्या वरचं सगळं गाळलं जायला लागतं.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची: सीएस ४३४४ चा ९ नंबरचा पाय. चिपचा रेफरन्स याच व्होल्टेजवरून बनतो, त्यामुळे इथला नॉइज गाण्याच्या पातळीबरोबर गुणला जातो. शांततेत तो ऐकू येत नाही, गाणं चालू असताना गढूळपणा म्हणून येतो. पाय अर्ध्या मिलिमीटर अंतरावर आहेत, उचलायला जाऊ नका, तुटतात. त्या पायापासून मागे ट्रॅक धरून चला. वाटेत एक राखाडी, पाठीवर काहीच न लिहिलेला चौकोनी तुकडा लागेल, मीटरवर १ ओहमपेक्षा कमी दाखवणारा. तो फेराइट बीड, वरच्या फ्रीक्वेन्सीचा कचरा अडवणारा. तो काढून त्याच जागी १० ओहम बसवा आणि चिपच्या बाजूला ४७० मायक्रोफॅरड, १० व्होल्ट. सीमा ३४ हर्ट्झ, १ किलोहर्ट्झला जवळजवळ २९ डेसिबलची गाळणी. चिप २० मिलिअँपिअरच्या आसपास घेते, म्हणून ०.२ व्होल्ट पडतील. चिपजवळचा ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा सिरॅमिक तसाच ठेवा, वरच्या फ्रीक्वेन्सीला तोच काम करतो.

रेग्युलेटरच घालायचा तर एलटी ३०४५ घ्या: नॉइज ०.८ मायक्रोव्होल्ट, इनपुट २० व्होल्टपर्यंत चालतं. पण त्याच्या तळाला पॅड असतो, हॉट एअरशिवाय हातघाई करू नका. तयार छोट्या बोर्डावर बसवलेला घेतलात तर सोपं. एलपी ५९०७ इथे चालणार नाही, त्याचं आउटपुट ४.५ व्होल्टच्या वर जात नाही.

पॉलिमरबद्दल: एएमएस १११७ च्या आउटपुटवर पॉलिमर किंवा नुसता सिरॅमिक लावू नका. या रेग्युलेटरला २२ मायक्रोफॅरडचा टँटॅलम गृहीत धरलाय, कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स फार कमी झाला की तो दोलायला लागतो, म्हणजे त्याचं आउटपुट आपोआप वरखाली व्हायला लागतं. सिग्नलच्या वाटेतही पॉलिमर नको, त्याची गळती साध्या इलेक्ट्रोलिटिकपेक्षा जास्त असते.

तीनपिनी

४५६२ बहुधा खराब नाही, तो दोलतोय. ५५३२ ची बँडविड्थ १० मेगाहर्ट्झ, याची ५५. सॉकेटचे लांब पाय, दूर असलेला बायपास (पुरवठ्याच्या पायांवरचा कपॅसिटर) आणि आउटपुटला लटकलेली केबल, जिची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरडच्या घरात असते: मंद ऑप-अँप हे सगळं निभावतो, वेगवान नाही. ऑसिलोस्कोप नसला तरी ओळखता येतं. १२ व्होल्टच्या तारेत मीटर मिलिअँपिअरवर लावा. ५५३२ च्या जागी ४५६२ घातल्यावर करंट २ मिलिअँपिअरच्या आसपास वाढायला हवा. २० वाढला तर दोलन नक्की.

इलाज: बोर्डाच्या खालच्या बाजूने ८ आणि ४ च्या पायांवरच ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक डाग द्या, पाय शक्य तितके आखूड. मग प्रत्येक आउटपुटला, फीडबॅकच्या बाहेर, १०० ओहम सिरीजमध्ये. फीडबॅक रेझिस्टर १० किलोओहमचा असेल तर त्यावर ४७ पिकोफॅरड सी-०-जी (व्हॅल्यू स्थिर ठेवणारा सिरॅमिक). तरीही तापला तर आयसी नकली असण्याची शक्यता धरा. वरच्या आकड्यांशी मी सहमत आहे, एवढं करून ५५३२ पेक्षा वेगळं ऐकू येईल असं मला वाटत नाही.

आउटपुटच्या कपॅसिटरबद्दल कोणी लिहिलं नाही. १० मायक्रोफॅरड असेल आणि ॲम्पचं इनपुट १० किलोओहम, तर खालच्या स्वरांची सीमा १.६ हर्ट्झ, पुरेशी खाली आहे. हौसेने २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म लावाल तर ती ७.२ वर जाते आणि २० हर्ट्झला अर्धा डेसिबल गळतो. इलेक्ट्रोलिटिक डिस्टॉर्शन करतो तो त्याच्यावर सिग्नलचा व्होल्टेज पडला तर. व्हॅल्यू मोठी असली की तो पडतच नाही. तेव्हा तिथे २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचा साधा, नवा इलेक्ट्रोलिटिक लावा, धन टोक ऑप-अँपकडे. आरसीएच्या बाजूला ग्राउंडला १०० किलोओहम आहे ना ते बघा, नसेल तर केबल लावताना धप्प आवाज येतो.

अर्धा_व्होल्ट

मी तर म्हणेन, ऑप-अँप वगळूनच टाका. ४३४४ किमान ३ किलोओहमचा लोड ओढू शकते आणि बहुतेक ॲम्पना १.१५ व्होल्ट भरपूर होतात. ७ आणि १० नंबरच्या पायांशी जोडलेल्या कपॅसिटरच्या अलीकडून सिग्नल घ्या, १० मायक्रोफॅरड (धन टोक चिपकडे, तिथे २.५ व्होल्ट डीसी असतं), मग ४७० ओहम, त्यानंतर ग्राउंडला २.२ नॅनोफॅरड. हा २.२ नॅनोफॅरड सी-०-जी किंवा फिल्मच हवा. एक्स-७-आर या साध्या सिरॅमिकची कपॅसिटन्स व्होल्टेजबरोबर बदलते, ते डिस्टॉर्शन म्हणून बाहेर येतं. १२ व्होल्टच्या लाइनचा आणि निम्म्या व्होल्टेजचा प्रश्नच मिटतो.

तीनपिनी

केबल दोन मीटरच्या आत असेल आणि ॲम्पचं इनपुट १० किलोओहम किंवा जास्त, तर हरकत नाही. त्याखाली ४७० ओहममुळे पातळी जाणवण्याइतकी पडते.

खरखर_नको

२२० मायक्रोफॅरड आणि २२ ओहम झालं, शीळ गेली. १० ओहमही बसवला, पण आता आवाज थोडा दबल्यासारखा वाटतोय. काही चुकलं का?

कथील६३

चिपच्या ९ नंबरच्या पायावर पुन्हा मोजा. ४.८ च्या आसपास असेल तर काही चुकलेलं नाही. या चिपचं आउटपुट पुरवठ्याच्या प्रमाणात असतं, म्हणून पातळी ०.४ डेसिबलने उतरली. एवढा फरक कानाला "कमी आवाज" म्हणून कळत नाही, "दबलेला" म्हणूनच कळतो. ४.६ किंवा त्याहून खाली आलं तर ४७० मायक्रोफॅरड उलटा लागलाय किंवा गळतोय, लगेच बंद करा.

तुलना करायची तर २०० हर्ट्झची साइन पूर्ण पातळीला वाजवून आउटपुट एसी व्होल्टमध्ये मोजा. १ किलोहर्ट्झला पुष्कळ मीटर खोटं बोलतात, म्हणून २००. आधीच्या आणि आताच्या वाचनात १ टक्क्याहून जास्त फरक असेल तर ॲम्पच्या व्हॉल्यूमने तो भरून काढा आणि मग ऐका.