तापलेल्या डांबरावर आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) टूरिंग कारला कोणते टायर?

प्रश्न: १/१० टूरिंग (खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढी), १९० मिमी रुंद बॉडी, डांबरी ट्रॅक. दुपारी ट्रॅक ५० अंशांच्या वर. २८ नंबरचे (नंबर म्हणजे रबराचं मिश्रण) रबर टायर तिसऱ्या मिनिटाला घसरू लागतात, शिवाय कडा रिमपासून सुटतात. काय बदलू?

उत्तर १: २८ थंड ट्रॅकसाठी. एवढ्या उन्हात ते जास्त तापून पकड सोडतात. ३६ लावा, त्याहून तापलं तर ४०. चारही टायर एकाच नंबरचे ठेवा. रिम १२ मिमी हेक्सचीच (हेक्स म्हणजे चाक बसतं तो षटकोनी जोड), पण ऑफसेट (चाक किती बाहेर येतं ते) तपासा. चाक बॉडीला घासलं तर सगळी मेहनत वाया.

उत्तर २: कडा सुटतात त्या चिकटवण्यातल्या चुकीमुळे. नव्या टायरच्या आत साच्याचा तेलकट थर असतो. कड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, रिमची खाचही, आणि पूर्ण वाळू द्या. इन्सर्टला (टायरच्या आतल्या फोमला) सुरकुती नको, नाहीतर चाक थरथरतं. मग पातळ सीए ग्लू (सुपरग्लू): कड बोटाने किंचित मागे ओढा, एक थेंब सोडा, तो खाचेत आपोआप पसरतो. बाहेरची कड आधी, वाळल्यावर आतली. जास्त ओतलात तर रबर कडक होऊन तिथेच फाटतं.

उत्तर ३: अंडरस्टिअर असेल (गाडी हवी तेवढी वळत नसेल) तर पुढच्या टायरच्या बाहेरच्या भिंतीवरही ग्लू फिरवतात का?

उत्तर २: उलट! त्याने पुढची पकड कमी होते. तो उपाय गाडी वळणावर उलटत असेल तेव्हाचा.