मदत हवी आहे: शीतनिद्रेतल्या खारींच्या आतड्यातला जिवाणू अ‍ॅकरमान्सिया खरंच वाढतो का?

खारसंशोधक:
तेरा पट्ट्यांच्या जमिनीवरच्या खारींच्या सीकममधले (मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली पिशवी) जिवाणू उन्हाळा आणि हिवाळा असे ताडून पाहतो आहे. जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकाचा व्ही४ भाग वाचला, सगळे नमुने यंत्राच्या एकाच फेरीत (रनमध्ये). हिवाळ्यात फर्मिक्युटीस हा जिवाणूंचा गट खाली, बॅक्टेरॉइडीट्स हा गट वर आणि अ‍ॅकरमान्सियाचा वाटा ५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर. हिवाळ्याच्या काही नमुन्यांत मायटोकॉन्ड्रियाचे (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचे) रीड्स, म्हणजे वाचलेले डीएनएचे तुकडे, खूप येतात.

दोन प्रश्न आहेत. 'अ‍ॅकरमान्सिया वाढतो' असं म्हणता येईल का? आणि याच माहितीवरून जिवाणूंची युरिया फोडण्याची क्षमता सांगता येईल का?

अनुजीव:
नुसत्या टक्क्यांवरून 'वाढतो' म्हणू नका. समजा उन्हाळ्यात ग्रॅममागे १००० कोटी जिवाणू आहेत आणि हिवाळ्यात १०० कोटी. मग ५ टक्के म्हणजे ५० कोटी आणि २५ टक्के म्हणजे २५ कोटी. वाटा पाचपट झाला, जिवाणू मात्र निम्मे उरले. त्यात हिवाळ्यात सीकममधला ऐवजच आटतो, त्यामुळे ग्रॅममागचा आकडा आणि अख्ख्या सीकमचा आकडा दोन्ही द्या.

दिशा अपेक्षित आहे, तेवढी खात्री बाळगा. विस्कॉन्सिनच्या हॅना केरी यांच्या गटाने २०१३ मध्ये याच खारींत हाच कल दाखवला. कारणही सरळ आहे: खाणं बंद झालं की वनस्पतींच्या तंतूंवर जगणारे मागे पडतात आणि आतड्याच्या अस्तरातला श्लेष्म खाणारे तग धरतात. अ‍ॅकरमान्सिया श्लेष्मावरच पोसतो.

आता मोजणी. एकूण १६एस प्रतींसाठी क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवत मोजणारी चाचणी) लावा, पण डीएनएच्या नॅनोग्रॅममागे हिशोब करू नका. हिवाळ्याच्या नमुन्यात खारीच्या स्वतःच्या गळलेल्या पेशींचा डीएनए जास्त असतो, म्हणून समान डीएनए घातला तरी जिवाणू समान नसतात. तुमचे मायटोकॉन्ड्रियाचे रीड्स बहुधा त्याचीच खूण आहे. ते आधी गाळा. हिशोब ऐवजाच्या वजनामागे करा. पाण्याचं प्रमाणही ऋतूप्रमाणे बदलू शकतं, म्हणून थोडा भाग १०५ अंशांवर रात्रभर सुकवून कोरडं वजन काढा.

प्रत्येक नमुना १:१० पातळ करून पुन्हा चालवा. सीक्यू (ज्या सायकलला डीएनएची खूण दिसू लागते तो आकडा) साधारण ३.३ने पुढे जायला हवा. त्याहून कमी सरकला तर नमुन्यात पीसीआर अडवणारं काहीतरी आहे आणि मूळ आकडा खोटा कमी आला आहे.

कोरे (ऐवज न घातलेले) नियंत्रण नमुने प्रत्येक एक्स्ट्रॅक्शन (डीएनए वेगळा काढण्याच्या) बॅचमध्ये हवेतच. क्यूपीसीआरमध्ये हिवाळ्याचा नमुना कोऱ्यापेक्षा निदान ३ सायकल आधी उठला नाही तर तो वगळा. राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम हे जिवाणू दिसले तर एक्स्ट्रॅक्शनच्या किटमधूनच आले समजा. आणि दोन्ही ऋतूंचे नमुने प्रत्येक बॅचमध्ये मिसळून ठेवा. एका दिवशी उन्हाळा, दुसऱ्या दिवशी हिवाळा असं केलंत तर ऋतू आणि बॅच वेगळे काढताच येत नाहीत.

जडावस्था:
'हिवाळा' हा एक गट नाही, हे मला मोजणीइतकंच महत्त्वाचं वाटतं. जडावस्थेत (शीतनिद्रेतल्या थंड, निश्चल टप्प्यात) या खारीचं शरीर ५ अंशांच्या आसपास येतं. एक-दोन आठवड्यांनी ती जागी होते आणि एक दिवसाच्या आत पुन्हा थंडावते. ५ अंशांवरचे आणि ३७ अंशांवरचे जिवाणू एकच काम करत नसतात. नमुना घेताना शरीराचं तापमान आणि मागची जाग कधी आली ते नोंदवा, शीतनिद्रेची सुरुवात आणि शेवट वेगळे गट करा. विष्ठेवर अवलंबून राहू नका. उपाशी प्राणी ती नावापुरतीच टाकतो.

युरियाबद्दल: १६एसवरून काढलेली युरिएझची (युरिया फोडणाऱ्या विकराची) क्षमता हा फक्त अंदाज. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या कामात याच खारींना कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ने खूण केलेला युरिया दिला. श्वासातला खुणेचा कार्बन डायऑक्साइड युरिया फुटल्याचं सांगतो, यकृत-स्नायूंतल्या प्रथिनांतला खुणेचा नायट्रोजन तो खारीने वापरल्याचं सांगतो. प्रतिजैविकं देऊन जिवाणू कमी केलेला गट तुलनेला शेजारी हवाच. नायट्रोजन सर्वांत जास्त परतला तो हिवाळ्याच्या शेवटी. म्हणजे जिवाणू आटले म्हणून काम आटतंच असं नाही.

खारसंशोधक:
दोघांचेही आभार. नमुने उणे ८० अंशांवर आहेत. मेलेल्या पेशींचा डीएनए वगळायला आता पीएमए (डीएनएला चिकटून त्याची पीसीआर अडवणारा रंग) वापरता येईल?

अनुजीव:
नाही. पीएमए फाटलेल्या पटलातून आत शिरतं आणि गोठवण्याने जिवंत पेशींचीही पटलं फाटतात. सगळेच मेलेले दिसतील. ते ताज्या नमुन्यावरच करायचं.

ऐवज शिल्लक असेल तर नवं एक्स्ट्रॅक्शन करा आणि मणी घालून पेशी फोडण्याआधी सॅलिनिबॅक्टर रुबरसारख्या आतड्यात नसणाऱ्या जिवाणूच्या मोजलेल्या पेशी घाला, म्हणजे एक्स्ट्रॅक्शनमधली गळतीही हिशोबात येते. फक्त डीएनए उरला असेल तर सुरुवातीला घेतलेलं वजन आणि शेवटचं आकारमान नोंदवहीत शोधा; ते मिळालं तर ग्रॅममागच्या प्रती आजही काढता येतील.