शब्दचर्चा : ‘विशिष्ट माजी विद्यार्थी’ म्हणावं का?

पाटीपुस्तक : ‘डिस्टिंग्विश्ड अ‍ॅल्युम्नस अवॉर्ड’च्या सन्मानपत्राचा मराठी मसुदा हवा आहे. हिंदीत ‘विशिष्ट पूर्व छात्र पुरस्कार’ आहे. मराठीत ‘विशिष्ट माजी विद्यार्थी’ चालेल? की ‘गुणवंत’?

शाईदौत : ‘विशिष्ट’ नकोच. हिंदीत तो ‘मान्यवर’ या अर्थी रुळलाय. आपल्याकडे ‘विशिष्ट रक्तगट’, ‘विशिष्ट मुदतीत’ म्हणजे अमुक एक. ‘विशिष्ट माजी विद्यार्थ्यांचा सत्कार’ वाचून उरलेल्यांना मुद्दाम वगळल्यासारखं वाटेल. ‘गुणवंत’ दहावी-बारावीच्या निकालाला चिकटलेला आहे, इथे गुणपत्रिकेचा संबंध नाही. ‘नामवंत’ प्रसिद्धी सांगतो; प्रयोगशाळेत मोठं काम करून लोकांना अपरिचित राहिलेल्या माणसाला तो लागू पडत नाही. मी ‘कर्तृत्ववान माजी विद्यार्थी पुरस्कार’ म्हणेन. जरा लांबट आहे, पण नेमका. फक्त ‘कर्तुत्व’ छापू नका. त-ला ऋकार, मग त्व. ‘जीवनगौरव’ही टाळा, चाळिशीतल्या उद्योजकाला तो निरोप समारंभासारखा वाटतो.

कानामात्रा : सहमत. शब्दक्रमही सांभाळा. ‘माजी कर्तृत्ववान विद्यार्थी’ म्हणजे कर्तृत्व होतं, आता नाही! ‘माजी’ पुढच्या शब्दांवरही पसरतो. मनोहर पर्रीकरांना मुंबई आयआयटीचा हा पुरस्कार २००१ मध्ये मिळाला तेव्हा ते गोव्याचे मुख्यमंत्री होते. तिथे ‘माजी विद्यार्थी व मुख्यमंत्री’ लिहिलं तर पदही गेल्यासारखं वाटतं. ‘गोव्याचे मुख्यमंत्री आणि संस्थेचे माजी विद्यार्थी’ असं उलटं लिहिलं की प्रश्न मिटला.

पाटीपुस्तक : ‘अ‍ॅल्युम्नी पुरस्कार’ असा सुटसुटीत मथळा दिला तर?

शाईदौत : पुरस्काराच्या नावात चालेल, व्यक्तीला नाही. ‘ते आमचे अ‍ॅल्युम्नी’ ही सर्रास होणारी चूक. लॅटिनमध्ये अ‍ॅल्युम्नस एक पुरुष, अ‍ॅल्युम्ना एक स्त्री, अ‍ॅल्युम्नी अनेक. ‘माजी विद्यार्थी’त एकवचन-अनेकवचनाची ही कटकटच नाही. स्त्री असेल तर ‘माजी विद्यार्थिनी’, थि ऱ्हस्व. संघाचं नाव सुटं लिहिलं तर ‘विद्यार्थी संघ’, जोडलं तर ‘विद्यार्थिसंघ’. फलकावर ‘विद्यार्थीसंघ’ दिसतो, तो चूक.

तळटीप : ‘पुरस्कृत माजी विद्यार्थी’ असंही लिहितात. आपल्याकडे ‘पक्षपुरस्कृत उमेदवार’ म्हणजे पक्षाने पाठिंबा दिलेला, त्यामुळे ‘पुरस्कारप्राप्त’ बरं. शिवाय मानद पदवी आणि हा पुरस्कार एकाच वाक्यात कोंबू नका. पुरस्काराला तिथे शिकलेलं असणं ही अट असते, मानद पदवीला नसते. बाबासाहेब आंबेडकरांची कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. (१९२७) अभ्यासाने मिळवलेली, त्याच विद्यापीठाची एलएल.डी. (१९५२) मानद. उस्मानिया विद्यापीठाने १९५३ मध्ये त्यांना मानद डी.लिट. दिली, तिथे ते विद्यार्थी नव्हते. परिचयात अशा पदव्या सलग लिहिताना ‘मानद’ हा शब्द प्रत्येक वेळी हवाच.

कानामात्रा : मसुद्यात नाव, पदवी, शाखा आणि उत्तीर्ण झाल्याचं वर्ष द्या. ‘१९७८ची तुकडी’ म्हटलं की प्रवेशाचं वर्ष की बाहेर पडल्याचं, यावर वाद सुरू. ‘१९७८चे पदवीधर, विद्युत अभियांत्रिकी’ हे स्पष्ट. नंदन निलेकणींची नोंद अशीच होईल. कशासाठी गौरव, हे एकाच वाक्यात असावं. ‘विविध क्षेत्रांतील भरीव योगदानाबद्दल’ हे कुणालाही लागू पडतं, म्हणून कुणालाच नाही.

पाटीपुस्तक : ‘आपण’ म्हणायचं की ‘यांना’?

शाईदौत : समारंभात वाचायचं मानपत्र ‘आपण’मध्ये, ते अर्पण करतात. चौकटीत लावायचं सन्मानपत्र ‘यांना … प्रदान करण्यात येत आहे’ असं. दोन्ही मजकूर एकमेकांत मिसळतात आणि पहिल्या ओळीतले ‘यांना’ तिसऱ्या ओळीत ‘आपण’ होतात. ‘श्री. डॉ.’ असं दुहेरीही नको, एकच घ्या. आणि ‘कारकीर्द’, की दीर्घ. छापायला देण्यापूर्वी तेवढं बघा.