शब्दचर्चा : टीव्हीचा तास, शालेय चित्रवाणी आणि पडद्यावरच्या मुंग्या

मुद्रितशोधक, गिरगाव
एका मराठी प्राथमिक शाळेच्या स्मरणिकेचा मजकूर तपासायला आला आहे. शाळेत टीव्हीवर पाहिलेल्या पाठांच्या आठवणी आहेत. एकाच गोष्टीला कुणी ‘शैक्षणिक दूरदर्शन’ म्हटलंय, कुणी ‘दूरचित्रवाणी पाठ’, कुणी ‘बालचित्रवाणी’, तर कुणी नुसतं ‘टीव्हीचा तास’. ‘प्रक्षेपण’ आणि ‘प्रसारण’ तर एकाच परिच्छेदात आलटून पालटून. एकवाक्यता हवी आहे, पण लिहिणाऱ्यांची बोली पुसायची नाही. कोणता शब्द कुठे ठेवावा?

निवृत्त शिक्षिका, दादर
सरसकट एकच शब्द करू नका. ‘दूरदर्शन’ हे संस्थेचं नाव आहे. १ एप्रिल १९७६ रोजी ती आकाशवाणीपासून वेगळी झाली. माध्यमाचं नाव ‘दूरचित्रवाणी’, आणि त्यातला शाळेसाठीचा भाग म्हणजे ‘शालेय चित्रवाणी’. ‘शाळेने दूरदर्शन संच घेतला’ हे बोलण्यात इतकं रुळलंय की आठवणीत तसंच राहू द्यावं. प्रस्तावनेत आणि चित्रओळीत मात्र ‘दूरचित्रवाणी संच’ छापा.

‘बालचित्रवाणी’ हे विशेषनाम आहे. पुण्याच्या राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्थेचं ते नाव, संस्था १९८४ची. इन्सॅट उपग्रहावरून हिंदी, मराठी, गुजराती, ओडिया आणि तेलुगू अशा पाच भाषांत प्राथमिक शाळांसाठी जे कार्यक्रम जात, त्यातले मराठी तिथे तयार व्हायचे. वयोगट दोन : ५ ते ८ आणि ९ ते ११. तेव्हा १९७५-७६च्या आठवणीत ‘बालचित्रवाणी’ आली, तर लेखकाला फोन करून साल विचारून घ्या. मुंबईचं टीव्ही केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, त्यामुळे त्या काळातली आठवण मुंबई केंद्राच्या एखाद्या कार्यक्रमाची असू शकते. पण ‘किलबिल’ हा मुलांचा कार्यक्रम होता, शालेय पाठ नव्हे. आणि ‘ज्ञानदीप’ शाळेबाहेरच्या शिक्षणासाठी होता. ही नावं ‘शालेय चित्रवाणी’च्या यादीत घालू नका.

आणखी एक. ‘साइट प्रयोगात आमच्या शाळेत टीव्ही आला’ असं मुंबईच्या लेखात दिसलं, तर ते चुकीचं आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ चाललेला, उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही कार्यक्रम दाखवण्याचा तो प्रयोग सहा राज्यांतल्या २,४०० गावांसाठी होता, आणि त्या सहांत महाराष्ट्र नव्हता.

टीव्ही तंत्रज्ञ, परळ
प्रक्षेपण-प्रसारणाबद्दल. मनोऱ्यावरून लहरी बाहेर टाकणं हे प्रक्षेपण, आणि कार्यक्रम लोकांपर्यंत पोचवण्याचं सगळं काम मिळून प्रसारण. म्हणून ‘वरळीच्या मनोऱ्यावरून प्रक्षेपण’, पण ‘शालेय कार्यक्रमांचे प्रसारण’. तिसरा शब्द ‘सहक्षेपण’ : एका केंद्राचा कार्यक्रम दुसऱ्याने उचलून पुढे देणं. सिंहगडावरचं केंद्र १९७३पासून मुंबईचे कार्यक्रम असेच पुण्याकडे देत होतं.

तुमच्या मजकुरात खरा घोळ उपग्रहामुळे होणार. ‘इन्सॅट-१बीचे प्रक्षेपण’ म्हणजे ३० ऑगस्ट १९८३ रोजी तो अवकाशात सोडला ते. ‘इन्सॅटवरून प्रक्षेपण’ म्हणजे कार्यक्रम पाठवणं. एका पानावर दोन्ही येत असतील, तर पहिल्याला प्रक्षेपण ठेवा आणि दुसऱ्याला प्रसारण करा.

मुद्रितशोधक, गिरगाव
हे फार उपयोगी पडलं. आता बिघाडाचे शब्द. ‘मुंग्या आल्या’, ‘चित्र पळालं’, ‘सावली पडली’, ‘व्यत्यय आला’ हे सगळं एका लेखात आहे. मुंग्यांऐवजी ‘अस्पष्ट चित्र’ करावं का?

टीव्ही तंत्रज्ञ, परळ
कृपा करून करू नका! हे चारही बिघाड वेगळे आहेत आणि बोलीतले शब्द ते अचूक सांगतात.

मुंग्या येतात त्या संकेत (सिग्नल) क्षीण झाला की. संच आपली वर्धनशक्ती, म्हणजे संकेत मोठा करण्याची ताकद, वाढवतो आणि स्वतःच्या सर्किटमधला गोंधळच पडद्यावर आणतो. मुंबईत याचं नेहमीचं कारण खारी हवा : गच्चीवरच्या अँटेनाला चपटी वायर जिथे स्क्रूने आवळलेली असते, तिथे हिरवट थर धरतो. स्क्रू काढून टोकं पॉलिश पेपरने घासायची, आवळून वर टेप गुंडाळायची. अँटेना फिरवून काही होत नाही.

सावली म्हणजे तेच चित्र उजवीकडे सरकून फिकं दिसणं. लहरी थेट येतात आणि एखाद्या उंच इमारतीवर आपटूनही येतात. चित्र डावीकडून उजवीकडे रेखलं जात असल्याने उशिरा आलेलं चित्र उजवीकडेच उमटतं. वाट ३०० मीटरने लांबली, तर २० इंची पडद्यावर सावली साधारण ८ मिलिमीटर सरकते. फळ्यावरची अक्षरं दाखवणारा पाठ असेल तर तेवढ्यानेही वाचता येत नाही. इथे मात्र अँटेना फिरवूनच गुण येतो, कारण आपटून येणाऱ्या दिशेकडे तिची पाठ करायची असते.

चित्र पळतं ते वर किंवा खाली. त्यासाठी मागच्या बाजूचं ‘व्हर्टिकल होल्ड’चं बटण हळूहळू फिरवायचं. चित्र तिरकं फाटून पट्टे दिसले, तर ‘हॉरिझाँटल होल्ड’. वीजदाब उतरला की चित्र आक्रसतं आणि कडेला काळी पट्टी येते. तिथे स्टॅबिलायझरच लागतो.

‘व्यत्यय’ हा केंद्राचा शब्द. ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ ही पाटी आली की दोष तिकडचा, मुख्याध्यापकांनी शिपायाला गच्चीवर पाठवायची गरज नाही. पाटी स्वच्छ दिसतेय याचाच अर्थ अँटेना ठीक आहे.

निवृत्त शिक्षिका, दादर
शिक्षकांच्या लेखात ‘प्रसारणपूर्व’ आणि ‘प्रसारणोत्तर कार्य’ हे शब्द असतील. जड वाटले तरी काढू नका. पाठ थांबवता येत नसे, मागे नेता येत नसे. म्हणून नवे शब्द आधी फळ्यावर लिहायचे, खिडक्यांचा उजेड पडद्यावर पडत नाही हे बघायचं, पहिली रांग पडद्यापासून दोनेक मीटरवर बसवायची, आणि संपल्याबरोबर प्रश्न घ्यायचे. ‘अधिवेशन’ही तसंच. मुंबईत सकाळचं आणि दुपारचं अधिवेशन असलेल्या शाळांत सकाळी प्रसारित होणारा पाठ दुपारच्या मुलांना मिळतच नसे. तिथे ‘सत्र’ केलंत तर वाचणाऱ्याला सहामाही वाटेल.

मुद्रितशोधक, गिरगाव
शेवटचं : ‘पाठ लागला’ की ‘पाठ लावला’? एका लेखात दोन्ही आहेत.

निवृत्त शिक्षिका, दादर
दोन्ही बरोबर असू शकतात. बाईंनी टीव्ही लावला, पण पाठ लागला. कारण त्याची वेळ केंद्राच्या हाती. शाळेत व्हीसीआर आल्यावर मात्र बाई कॅसेट लावून पाठच लावू लागल्या. तेव्हा त्या लेखात व्हीसीआर कुठल्या परिच्छेदात येतो ते बघा आणि त्याच्या आधीचं ‘लावला’ तेवढं बदला.