मदत हवी आहे : बाडमेरच्या डाळिंब बागांसाठी ठिबक नियंत्रक, निधी कुठून मिळेल?

बागलाणची_लेक (३ मे २०२३)
नमस्कार. वेळ कमी आहे म्हणून सरळ विचारते. मी आणि माझ्या मित्राने ठिबकचा एक नियंत्रक बनवलाय. मातीतला ओलावा बघून तो व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. बाडमेरमध्ये सिवाणा भागात चार शेतकऱ्यांच्या डाळिंबावर चालू आहे, पाणी नक्की वाचतंय. आता पन्नास संच करायचेत, १८ लाख लागतील. एका इन्क्युबेटरकडे (नव्या उद्योगांना निधी आणि मार्गदर्शन देणाऱ्या केंद्राकडे) अर्ज केला होता. तीन आठवड्यांनी ‘पात्र नाही’ एवढं एका ओळीचं उत्तर आलं, कारण दिलं नाही, फोन उचलत नाहीत. वाळवंटी शेती, पाणीबचत, स्टार्टअप यांना निधी आहे असं सगळीकडे वाचते, तो मिळतो कुणाला? मृग बहार (पावसाच्या सुरुवातीचा फळहंगाम) धरायच्या आत संच बसवायचे आहेत. ज्यांना खरंच निधी मिळालाय त्यांनीच सांगा.

फाइलवाला_पुणे
कंपनी कसली आहे? प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी, भागीदारी की प्रोप्रायटरी? नोंदणी कधीची? डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाची) स्टार्टअप म्हणून मान्यता आहे का? आधी कुठली सरकारी मदत घेतली आहे? एवढं कळल्याशिवाय कुणी काही सांगितलं तर तो अंदाजच असेल.

शिवार_७२
ताई, ठिबकला अनुदान आहेच की. अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, बाकीच्यांना ४५. सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक घेऊन महाडीबीटीवर अर्ज करा. आमच्या गावात पुष्कळांना मिळालंय.

बागलाणची_लेक
काका, ठिबक आधीपासून आहे आणि शेतं राजस्थानात आहेत. मला नियंत्रक बनवायला पैसे हवेत.
@फाइलवाला, प्रोप्रायटरी आहे, माझ्या नावावर, नाशिकला, २०२० पासून. त्याने काय फरक पडतो?

फाइलवाला_पुणे
सगळा फरक त्यानेच पडतो. स्टार्टअप इंडियाच्या सीड फंडाला डीपीआयआयटीची मान्यता लागते आणि प्रोप्रायटरीला ती मिळत नाही. तुमची फाइल बहुधा पहिल्या चाळणीतच गळली. हा फंड २०२१ मध्ये सुरू झाला, एकूण तरतूद ९४५ कोटींची. नमुना तयार करणं, चाचण्या घेणं यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान, ते टप्प्याटप्प्याने. बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत, पण ते कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे शेअर्समध्ये बदलता येणाऱ्या) रोख्यांच्या रूपात. अर्जाच्या दिवशी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको आणि इतर सरकारी योजनांतून १० लाखांहून जास्त रक्कम घेतलेली नको. एका वेळी तीन इन्क्युबेटर निवडता येतात, तुम्ही एकावरच थांबलात.
दुसरा रस्ता राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या ‘रफ्तार’चा. कल्पनेच्या टप्प्याला ५ लाख, सीड टप्प्याला २५ लाखांपर्यंत. तुमच्या भागासाठी जयपूरची ‘नियाम’ (राष्ट्रीय कृषी विपणन संस्था) बघा.
आता महत्त्वाचं. त्या प्रोप्रायटरीत नेमका धंदा कोणता होता? जुनाच धंदा मोडून नव्या नावाने मांडला तर मान्यता मिळत नाही.

बागलाणची_लेक
ठिबकचे सुटे भाग विकते. नियंत्रकाचं एकही बिल त्यात नाही, कारण चारही संच फुकट दिलेत.

स्वकष्ट
फुकट? मग निधीचं नंतर बघा. मी आठ वर्षं पंपाचे स्टार्टर विकतोय, एक रुपया अनुदान घेतलं नाही. चौघांपैकी दोघांनी जरी पुढच्या संचाचे निम्मे पैसे आगाऊ दिले तरी कळेल की वस्तू चालते. अनुदानाच्या मागे लागलेले माझे दोन मित्र दीड वर्ष फक्त सादरीकरणं करत होते.

फाइलवाला_पुणे
स्टार्टर ही तयार वस्तू आहे साहेब, गिऱ्हाइकाला ती ठाऊक असते. हिचं यंत्र खाऱ्या पाण्यावर, रेताड जमिनीत, ४५ अंशांच्या पुढच्या उन्हात टिकतं की नाही हेच अजून सिद्ध व्हायचंय. तो खर्च शेतकऱ्याने का सोसावा? अनुदान असतं ते त्याच टप्प्यासाठी.

स्वकष्ट
तुम्ही फाइली करता म्हणून तुम्हाला फाइलच दिसते. निम्मे नको, पाच हजार घ्या. पण घ्या.

मातीपरीक्षक
मी जोधपूरला सहा वर्षं मृदाशास्त्रात काम केलंय. निधीच्या आधी दोन प्रश्न. सेन्सर कोणता वापरता? आणि बोअरच्या पाण्याची ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे खारेपणाचं माप) किती? स्वस्त कपॅसिटिव्ह सेन्सर क्षार वाढले की ओलावा आहे त्याहून जास्त दाखवतो. म्हणजे झाड तहानलेलं असतं आणि नियंत्रक म्हणतो भरपूर ओल आहे, व्हॉल्व्ह बंदच. तुम्हाला ते ‘पाणी वाचलं’ असं दिसेल, नुकसान फळाच्या वजनात निघेल. खाऱ्या पाण्यात क्षार मुळांखाली ढकलायला अधूनमधून मुद्दाम जास्त पाणी द्यावं लागतं, त्याची सोय केली आहे का? आणि वाचलं म्हणता ते कशाच्या तुलनेत? पाण्याचं मीटर बसवलंय?

बागलाणची_लेक
सेन्सर कपॅसिटिव्हच आहे. मीटर नाही, पंप किती तास चालला त्यावरून काढलंय. ईसी मोजलेली नाही. चौथ्या शेतात फळं लहान राहिली होती, आम्ही ते उष्णतेवर ढकललं.

मातीपरीक्षक
मग पन्नास संचांची घाई करू नका. जोधपूरला ‘काझरी’ आहे, केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, १९५९ पासून याच कामात आहे. तिथे कृषी इन्क्युबेटरही आहे. पैसे मिळोत न मिळोत, त्यांच्याकडून चाचणीचा आराखडा तपासून घेतलात तर पुढच्या प्रत्येक अर्जाला वजन येईल.

खडीन
मला या सगळ्याचं वाईट वाटतं. जैसलमेरला पालीवालांनी बांधलेल्या खडिनांत (पावसाचं पाणी अडवून ओलीवर पिकवायच्या बांधबंदिस्त शेतांत) आजही पिकं निघतात. घराघरात टांके (पावसाचं पाणी साठवायची टाकी) आहेत. जिथे बाजरी, मोठ (मटकी), गवार यायची तिथे डाळिंब कशाला? राजस्थानात दरवर्षी जमिनीत मुरतं त्याच्या जवळपास दीडपट पाणी उपसलं जातं. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन बिघे लावतो, बोअरची पातळी खालीच जाते. सौर पंपाने तर वीजबिलाचाही धाक गेला.

मातीपरीक्षक
क्षेत्र वाढतं हे खरं, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण बाग लावून बसलेल्या माणसाला बाजरी पेर म्हणून कसं सांगणार? बहुतेक बागा आपल्याकडच्या ‘भगवा’ जातीच्या आहेत, महाराष्ट्रातून रोपं गेली. त्या जगवायच्या तर मोजून पाणी देण्यावाचून गत्यंतर नाही. ताई, अर्जात एकरी पाण्याबरोबर एकूण उपसाही लिहा.

दुबईकर
इथे १९९९ पासून खाऱ्या पाण्यावरच्या शेतीसाठी आंतरराष्ट्रीय केंद्र आहे, ‘इक्बा’. किनोआ, सॅलिकॉर्निया (खाऱ्या पाण्यावर वाढणारी वनस्पती) यांवर फार चांगलं काम झालंय. तुम्ही डाळिंबाऐवजी सॅलिकॉर्नियाचा विचार केलाय का?

बागलाणची_लेक (११ मे २०२३)
दादा, पीक शेतकऱ्याचं आहे, ते मी बदलू शकत नाही.
काल मित्राने चारही बोअरचं पाणी तपासायला दिलं. तीन ठिकाणी ३ ते ४ डेसिसिमेन्स, चौथ्याला ७.२. लहान फळं तिथलीच. बघून पोटात गोळा आला, त्या बाबांनी आमच्या शब्दावर पाणी कमी केलं होतं. त्यांचा संच कालच हाताने चालवायला सांगितला.
मृग बहाराचा हट्ट सोडला. पन्नासऐवजी सहा संच, प्रत्येकाला मीटर, दोघांकडून पाच-पाच हजार आगाऊ घेतलेत. नवी प्रायव्हेट लिमिटेड करतोय, सुटे भागांचा धंदा वेगळाच राहील. मित्र बाडमेरचा आहे. कंपनी नाशिकला नोंदवू की जोधपूरला?

फाइलवाला_पुणे
केंद्राच्या योजनांना कुठूनही चालेल. पण राजस्थान सरकारच्या ‘आयस्टार्ट’ या स्टार्टअप योजनेचा फायदा हवा असेल तर नोंदणी राजस्थानात लागेल. शेतं तिथे, चाचणी तिथे, जोधपूरच करा. दोघांचे हिस्से आत्ताच लेखी ठरवा.

मातीपरीक्षक
आणि प्रत्येक बागेत दोन ओळी जुन्या पद्धतीने पाणी देऊन सोडा, त्यांनाही वेगळं मीटर लावा. चौथ्या बागेत आधी मुळांजवळच्या मातीची ईसी ३० आणि ६० सेंटिमीटरवर काढा. आकडे इथे टाका, मी बघतो.